इन्फ्रारेड म्हणून साधी फिल्म गळ्यात मारली

फोंड्याला घरच्या न्हाणीला लागून असलेल्या खोलीत मी बारा वर्षं कृष्णधवल रोल धुतोय. मार्चमध्ये मुंबईच्या एका विक्रेत्याकडून रोलाय इन्फ्रारेड ४०० चे पाच रोल घेतले. डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टिपणारी ही कृष्णधवल फिल्म. साडेसहा हजार रुपये, सगळे आगाऊ, यूपीआयने. कंपनीचं खोकं नव्हतं. मोठ्या रिळातून कापून साध्या काळ्या कॅसेटमध्ये भरलेत, म्हणून स्वस्त, असं तो म्हणाला. कोडॅकची एचआयई ही इन्फ्रारेड फिल्म २००७ मध्ये बंद झाली, तेव्हापासून इन्फ्रारेड फिल्म मिळवणं अवघडच झालंय. मी जास्त चौकशी केली नाही.

पहिला रोल तांबडी सुर्लाच्या महादेवापाशी. काळ्या दगडाचं कदंबकालीन देऊळ, भोवती दाट रान. इन्फ्रारेडमध्ये पानं पांढरीशुभ्र उजळतात. ते चित्र कित्येक वर्षं मनात होतं. लेन्सवर दिसणारा प्रकाश अडवणारा आर-७२ फिल्टर, ट्रायपॉड, प्रत्येक दृश्याची चार-चार एक्स्पोजर. घरी पूर्ण अंधारात फिल्म टाकीत भरली, बर्फाने डी-७६ (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) वीस अंशांवर आणलं (आमच्या नळाचं पाणी एप्रिलात तिशीला टेकतं). फिक्सरनंतर झाकण काढलं, तर पट्टी काचेसारखी कोरी.

"काका, गोव्याची हवा गरम, दमट. फिल्म तुमच्याकडेच फॉग झाली," म्हणजे चित्राशिवायच बिघडली, असं विक्रेता म्हणाला. मला ते पटलं. दुसरा रोलही तसाच घालवला, आणि ते अजून सलतं, कारण उत्तर पहिल्याच पट्टीवर होतं. उष्णतेने किंवा उजेडाने फिल्म बिघडली तर निगेटिव्ह काळवंडते. माझी पारदर्शक होती. कडेला कारखान्यातच उमटवलेले आकडे ठसठशीत काळे, म्हणजे धुलाई नीट झालेली. फिल्टरमधून आलेला प्रकाशच त्या फिल्मला दिसला नव्हता. आर-७२ साधारण ७२० नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश सोडतो. खरी रोलाय ८२० पर्यंत पाहते, साध्या पॅनक्रोमॅटिक (डोळ्यांना दिसणारे सगळे रंग टिपणाऱ्या) फिल्मची नजर ७२०च्या अलीकडेच संपते.

तिसरा रोल अंगणातल्या आंब्यावर खर्च केला, अर्धा फिल्टर लावून, अर्धा काढून. फिल्टर नसलेल्या फ्रेम सुरेख आल्या, बाकीच्या कोऱ्या.

खऱ्या रोलायचा पाया पॉलिएस्टरचा असतो, तिचा लीडर, म्हणजे कॅसेटबाहेर आलेलं सुरुवातीचं टोक, हाताने फाटत नाही. उरलेल्या दोन रोलचे लीडर कागदासारखे फाटले. लीडर फाटला तर माल खोटा हे नक्की. नाही फाटला तरी फिल्टरची चाचणी कराच, कारण काही साध्या फिल्मही पॉलिएस्टरवर येतात. आणि आधी एकच रोल मागवा. मी पाच घेतले.

फाटलेल्या लीडरचे फोटो पाठवल्यावर त्याने मला ब्लॉक केलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली आहे. दोन रोल, निगेटिव्ह आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट जपून ठेवलेत. पैशांचं अजून काही कळलेलं नाही. पाऊस तोंडावर आलाय, सुर्लाच्या रानात पुन्हा तसं ऊन पडायला आता ऑक्टोबर उजाडेल.