वसई-विरार: हमरस्त्यालगतचा सायकलमार्ग की गावांतले आतले रस्ते?

चार नगरपरिषदा आणि अनेक ग्रामपंचायती मिळून २००९ साली झालेल्या वसई-विरार महानगरपालिकेत वस्ती झपाट्याने वाढली असून, सायकलींच्या जाळ्यासाठी तिथे दोन पर्याय दिसतात.

पहिला, स्थानकाकडे जाणाऱ्या हमरस्त्यांवर कठडा घालून वेगळा मार्ग काढणे. ताशी १५ किलोमीटरच्या बेताच्या वेगानेही ४ किलोमीटरवरचे स्थानक त्यावरून १६ मिनिटांत गाठता येते. मात्र त्यासाठी जागा बहुधा रस्त्याकडेच्या पार्किंगमधूनच काढावी लागते, आणि मार्ग चौकात तुटला, तर जिथे धोका अधिक तिथेच संरक्षण संपते.

दुसरा, निर्मळ, गास, आगाशीकडचे आतले रस्ते गतिरोधक व खुणा करून जोडणे. यात खर्च कमी, झाडांची सावलीही मिळते (कोकणातल्या उन्हात ही लहान गोष्ट नव्हे). परंतु वळणे फार, सखल भागांत पावसाळ्यात पाणी साचते, आणि पूर्व-पश्चिम तोडणारा रेल्वेमार्ग या रस्त्यांनी ओलांडला जात नाही.

स्पेनमधील सेव्हिल शहराने सुमारे ८० किलोमीटरचे वेगळे जाळे तुकड्यातुकड्यांनी न करता अल्पावधीत सलग उभारले, म्हणूनच तिथे सायकलस्वार वाढले. त्यामुळे माझा कौल पहिल्या पर्यायाला आहे. शाळकरी मुलांसाठी आतले रस्ते त्याला जरूर जोडावेत, पण सुरुवात रेल्वेवरील पुलांपासून व्हावी.