खोडाची चिकट पट्टी: हापूसला घ्या, काजूला नको

देवगडजवळच्या आमच्या बागेत खोडाभोवती गुंडाळायची ही पट्टी मी हापूसच्या कलमांना लावते. काम चोख आहे. पिठ्या ढेकणाची (रस शोषणारी, पांढऱ्या पिठासारखी दिसणारी कीड) पिल्लं खोडावरून चढताना तिथेच अडकतात. त्यांच्या गोड चिकट्यासाठी वर जाणाऱ्या काळ्या मुंग्याही अडकतात. हे महत्त्वाचं, कारण त्या मुंग्या ढेकणावर पहारा करतात आणि त्याला खाणाऱ्या ढालकिड्यांना (लेडीबर्ड भुंग्यांना) हुसकावून लावतात. मुंग्यांची वाट बंद झाली की ढालकिड्यांना मोकळं रान मिळतं, चिकट्यावर वाढणारी पानांवरची काळी बुरशी, म्हणजे काजळीही कमी होते.

लावण्याआधी सालीच्या भेगा ओल्या मातीने बुजवा, नाहीतर पट्टीखालून वाट राहते. टेकलेली गवताची काडीही ठेवू नका. रस्त्याकडेच्या कलमांवर तांबडी धूळ बसून गोंद लवकर मरतो, तिथे पट्टी वरचेवर बदलावी लागते. किंमत पाहता हे खटकतं.

माझा खरा आक्षेप वेष्टनावरच्या मजकुराला आहे: 'फळबागेतील सर्व मुंग्यांपासून संरक्षण'. सर्व कशाला? आमच्याकडे कामाला येणारे काका गुंडाळी बघूनच म्हणाले, "वयनी, काजीर ह्या लावू नकात, थंय ओंबील आसा."

अगदी खरं. ओंबील म्हणजे पानं शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्या. जवळून बघा: ओळीने उभ्या राहून त्या दोन पानांच्या कडा ओढून धरतात, आणि एखादी तोंडात अळी घेऊन या कडेवरून त्या कडेवर फिरवते. अळीच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने पान शिवलं जातं. काजूची कोवळी पालवी आणि मोहोर शोषून काळा पाडणाऱ्या ढेकण्याला (ही पिठ्या ढेकणाहून वेगळी कीड) हीच ओंबील पळवते. काजूचं झाडही पानांवर, मोहोरावर तिच्यासाठी गोड रस ठेवतं. चीनमध्ये संत्र्या-लिंबांच्या बागांसाठी या मुंग्यांची घरटी विकत घेत. आपल्याकडे त्या फुकट राखणीला आहेत, आणि पट्टी त्यांचं झाडाझाडांतलं येणंजाणं तोडते.

आंब्यावर ओंबीलही कधीकधी पिठ्या ढेकूण पाळते, काढणीला चावून हैराण करते, हे मान्य. म्हणून हापूससाठी पाचपैकी चार गुण. काजूसाठी शून्य, आणि दुकानदाराने विकतानाच गिऱ्हाईकाला विचारावं, झाड कुठलं आणि मुंगी कुठली.