फ्रेमवर्क की डीपीएस? इंग्लंडमध्ये अ‍ॅडाप्टेशनची सरकारी कामं घेऊ पाहणाऱ्या छोट्या कंत्राटदारासाठी

काउन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, अ‍ॅडाप्टेशनच्या (दिव्यांग व्यक्तीसाठी घरात बदल करायच्या) कामांत शिरायला दोन दारं आहेत. फ्रेमवर्कचं, म्हणजे काही वर्षांसाठी निवडलेल्या कंत्राटदारांच्या यादीचं, दार तीन-चार वर्षांतून एकदा उघडतं आणि बंद होतं. डायनॅमिक पर्चेसिंग सिस्टीम, म्हणजे डीपीएस, या खुल्या यादीचं दार वर्षभर उघडं असतं. मी दोन्हींतून आत गेलो आहे आणि एकातून बाहेरही आलो आहे. मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या बारशाला, भेटलेली आपली बिल्डर मंडळी हमखास विचारतात, ‘दादा, आधी अर्ज कुठे करू?’ उभ्याउभ्या दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून सविस्तर लिहितो.

डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँट (अशा बदलांसाठीची सरकारी मदत) काय आहे, ओटीची (ऑक्युपेशनल थेरपिस्टची) शिफारस कशी येते, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. एवढंच ध्यानात असू द्या की या ग्रँटला कमाल मर्यादा आहे: इंग्लंडमध्ये 30,000 पाउंड, वेल्समध्ये 36,000. टब काढून लेव्हल अ‍ॅक्सेस, म्हणजे पायरी न चढता जाता येईल असा, शॉवर बसवायचा तर आपण त्या मर्यादेच्या बरेच खाली असतो. तळमजल्यावर झोपायची खोली आणि बाथरूम नव्याने काढायची झाली, की ती लगेच आड येते.

नोंदणी दोन्हीकडे सारखीच, ती आधी उरकू. 24 फेब्रुवारी 2025 पासून सरकारी खरेदीचा नवा प्रोक्युअरमेंट कायदा लागू झाला. तेव्हापासून ‘फाइंड अ टेंडर’ या सरकारी संकेतस्थळावर कंपनीची माहिती एकदाच भरायची: मालकी कुणाची, हिशेब कसे, पूर्वी काही कारवाई झाली आहे का. मग एक शेअर कोड मिळतो, तो हव्या त्या काउन्सिलला द्यायचा. ही नोंदणी फुकट आहे. पैसे घेऊन करून देतो म्हणणारे भेटतील, त्यांची गरज नाही; एका संध्याकाळचं काम आहे.

त्याशिवाय प्रत्येक काउन्सिलचं टेंडरचं पोर्टल वेगळं. कुठे प्रोकॉन्ट्रॅक्ट, कुठे इन-टेंड, कुठे आणखी काही. तिथे खातं काढताना कामाचे कोड निवडावे लागतात आणि पुढे त्या कोडांप्रमाणेच ईमेल येतात. मी पहिल्यांदा 45000000 हा बांधकामाचा सरसकट कोड घेतला होता. रोज रस्ते, शाळा आणि पुलांच्या निविदांचा ढीग यायचा आणि मला हवं ते काम त्यात सापडायचं नाही. बाथरूमच्या कामाचा 45211310 आणि नूतनीकरणाचा 45453100 हे दोन कोड घेतल्यावर डोळ्यांना विश्रांती मिळाली. विम्याची कागदपत्रं, सुरक्षिततेचं एसएसआयपी प्रमाणपत्र आणि विजेचं काम करणाऱ्याची एनआयसीईआयसी किंवा नापिटची नोंदणी एका फोल्डरमध्ये तयार ठेवा. कुठेही गेलात तरी हीच मागतात.

आता फ्रेमवर्क. त्याचं टेंडर मोठं असतं. कामाच्या दर्जाबद्दल, रहिवाशांशी वागण्याबद्दल, स्थानिक लोकांना काम देण्याबद्दल लांबलचक प्रश्न असतात आणि सोबत दरपत्रक. आमच्या दरपत्रकात साठाहून जास्त ओळी होत्या. टब काढणे, शॉवर ट्रे बसवणे, भिंतीला टँकिंग (पाणी मुरू नये म्हणूनचा थर), दर चौरस मीटर टाइल, दर मीटर जॉइस्ट (जमीन पेलणारी लाकडी तुळई), दाराची चौकट रुंद करणे, प्रत्येकाचा वेगळा दर. त्यावरून क्रमांक लागतात. काम आधी पहिल्या क्रमांकाकडे, त्याला जमलं नाही तर दुसऱ्याकडे. 2020 च्या शरद ऋतूत मी दर भरले आणि दुसरा क्रमांक मिळाला. त्या दिवशी घरी पुरणपोळी झाली होती.

पहिले काही महिने खरोखर चांगले गेले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. कोट द्यायचा नाही, स्पर्धा नाही, ऑर्डर ईमेलने येते, दर ठरलेला, काम करा, फोटो चढवा, बिल लावा. दोन माणसं कायमची कामावर ठेवता आली. संध्याकाळी मुलांच्या अभ्यासाला बसता आलं. फ्रेमवर्क ज्यांना आवडतं त्यांना ते का आवडतं, हे मला पुरतं कळतं.

आता घोडं कुठे पेंड खातं ते सांगतो. 2021 चा उन्हाळा या धंद्यातल्या सगळ्यांना आठवत असेल. लाकूड मिळेना, प्लास्टर मिळेना, सिमेंटच्या गोण्या मर्चंटकडे मोजून देत होते. प्लायवूडच्या ज्या शीटवर मी भिंतीचा हिशेब केला होता, ती माझ्या नेहमीच्या दुकानात जवळपास दुप्पट भावाने मिळू लागली. करारात दरवाढीचं कलम होतं, पण ते दोन वर्षं पूर्ण झाल्यावर लागू होणारं आणि तेही सर्वसाधारण महागाईच्या निर्देशांकाला बांधलेलं. त्या निर्देशांकात भाजी, कपडे, पेट्रोल सगळं येतं. माझ्या व्हॅनमधला माल त्यात कुठे हरवतो ते कळतही नाही.

एका आजींचं घर अजून डोळ्यांपुढे आहे. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून सात महिने त्या स्वयंपाकघरातल्या सिंकपाशी खुर्चीवर बसून अंग पुसून घेत होत्या. आम्ही वरचा टब उचलला, तर खालचे जॉइस्ट बोटाने कुस्करता येतील इतके कुजलेले. दरपत्रकात जॉइस्ट बदलण्याची ओळ होती, मीच भरलेली. त्या दरात त्या आठवड्यात नुसतं लाकूडसुद्धा येत नव्हतं, मजुरी तर बाजूलाच राहिली. काउन्सिलमधल्या अधिकारी बाई आपुलकीने बोलल्या, पण करार त्यांच्या हातात नव्हता. जॉइस्ट बदलले. आजींनी पहिल्यांदा शॉवरखाली अंघोळ केली त्या दिवशी त्यांच्या लेकीचा फोन आला, ती रडत होती. ते काम मी आजही तसंच करीन.

एखाद्या कामातला तोटा सोसता येतो. पण पुढे पुढे सकाळी व्हॅनमध्ये बसताना पहिला विचार ‘आज कुठे वाचवता येईल’ हा यायला लागला. आपल्या कामात वाचवायच्या जागा कोणत्या, हे तुम्हाला सांगायला नको. टाइलमागचं टँकिंग, जमिनीचा गटारीकडचा उतार, ग्रॅब रेल, म्हणजे धरायचा दांडा, ज्यावर स्क्रूने घट्ट बसतो ते भिंतीमागचं प्लायवूड. एकही जागा फोटोत दिसत नाही. तिथे वाचवलेल्या वीस पाउंडांची किंमत दोन वर्षांनी कुणीतरी घसरून पडून मोजतं. मी तिथे वाचवलं नाही, पण तसा विचार मनात येऊ देणारा दर मला नको होता. करार संपल्यावर त्याच काउन्सिलचं नवं फ्रेमवर्क निघालं, तेव्हा मी अर्ज केला नाही.

2022 मध्ये मी शेजारच्या काउन्सिलच्या डीपीएसवर गेलो. फरक पहिल्याच दिवशी जाणवला: प्रवेशासाठी दर विचारलेच नाहीत. पात्रता, विमा, दोन-तीन जुन्या कामांची माहिती, कोणत्या लॉटमध्ये, म्हणजे कामाच्या गटात, काम करणार ते, बस. जुन्या नियमांत अर्ज तपासायला काउन्सिलला साधारण 10 कामाचे दिवस असायचे. माझं उत्तर त्याच सुमारास आलं. एखाद्या लॉटमध्ये नापास झालात तरी चूक दुरुस्त करून पुन्हा अर्ज करता येतो. फ्रेमवर्कमध्ये हीच चूक तुम्हाला चार वर्षं बाहेर ठेवते.

मग प्रत्येक काम यादीतल्या सगळ्यांपुढे येतं. ओटीची शिफारस, मोजमापांचा नकाशा, फोटो, आणि कोट द्यायला आठवडा-दहा दिवस. मी आजच्या भावाने आकडा लावतो. शक्य असेल तर आधी घर बघायची परवानगी मागतो, आणि न दिसणाऱ्या कामासाठी, म्हणजे टबाखाली काय निघेल त्यासाठी, वेगळी प्रोव्हिजनल रक्कम लिहितो. कुजलेलं लाकूड निघालं तर त्यातून भागतं, नाही निघालं तर ती रक्कम काउन्सिलकडेच राहते. आजींच्या घरी ही एक ओळ हाताशी असती तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

डीपीएसचा त्रास नाही असं मात्र समजू नका. साधारण चार कोटांमागे मला एक काम मिळतं, बाकी तीन संध्याकाळी वाया जातात. पोर्टलचे ईमेल कधी स्पॅममध्ये जातात, म्हणून मी रोज सकाळी चहाबरोबर पोर्टल उघडून बघतो. शंका विचारायची ती पोर्टलच्या संदेशांतूनच. फोन केला तर कुणी उत्तर देत नाही आणि तसं देणं त्यांना योग्यही नसतं. आणि अधूनमधून कुणीतरी इतका खाली आकडा लावतो की तो भिंतीमागे काय घालणार, या काळजीने मन खट्टू होतं. ज्या काउन्सिल निव्वळ किमतीवर काम देतात, तिथे हे जास्त दिसतं. दर्जालाही गुण असतील तिथेच मी आता मेहनत घेतो.

एका गोष्टीकडे दोन्ही वाटांवर लक्ष द्या, कारण तिथे चांगले जाणकारही फसतात. दिव्यांग व्यक्तीच्या घरी रॅम्प, दार रुंद करणं, तिच्यासाठी बाथरूम बसवणं, ही कामं तिने पात्रतेचं लेखी निवेदन दिलं तर शून्य व्हॅटवर होतात. पण त्यासाठी ग्राहक ती व्यक्ती असावी लागते. घर खासगी मालकीचं असेल तर ग्रँट तिला मिळते आणि करारही बहुधा तिच्याशीच होतो. काउन्सिलच्या स्वतःच्या घरातल्या भाडेकरूचं काम असेल तर ग्राहक काउन्सिल, आणि तिथे ही सवलत नाही. टेंडरमध्ये करार कुणाशी आहे ते वाचल्याशिवाय किमतीचा रकाना भरू नका. माझ्या ओळखीच्या एका भल्या माणसाचा सगळा नफा एकदा या एका गोष्टीत गेला.

मग निवडायचं काय? तुमच्याकडे पाच-सहा माणसं आणि तीन व्हॅन असतील, ऑफिसात बसून कागद सांभाळणारं कुणी असेल आणि दर महिन्याला पगार निघायला हवा असेल, तर फ्रेमवर्कचा विचार जरूर करा. पण दरवाढीचं कलम टेंडर भरायच्या आधी, प्रश्न विचारायच्या मुदतीत, लेखी विचारून घ्या. पहिल्या वर्षापासून, आणि बांधकाम मालाच्या निर्देशांकाप्रमाणे वाढ मिळत असेल, तर माझी सगळ्यात मोठी तक्रार तिथेच मिटते. नवा कायदा खुल्या फ्रेमवर्कलाही वाव देतो. ते 8 वर्षांपर्यंत चालतं, पण अधेमधे नव्या लोकांसाठी उघडावंच लागतं, पहिल्यांदा 3 वर्षांच्या आत. तसं फ्रेमवर्क निघालं तर मीही पुन्हा डोकावून बघेन.

तुम्ही दोघं-तिघं असाल, हातात एक व्हॅन असेल आणि काउन्सिलचं हे पहिलंच काम असेल, तर मला वाटतं डीपीएसवर जा. तुमचं गणित माझ्यापेक्षा वेगळं असू शकेल, तुमचा भाग वेगळा असेल. पण ज्या दिवशी काम करायचं त्या दिवसाच्या भावाने कोट देता येणं, याचं मोल मला दुसऱ्या कशातच सापडलेलं नाही.

जुनी डीपीएस आता कायम राहणार नाहीत. नव्या कायद्यात त्यांच्या जागी डायनॅमिक मार्केट आलं आहे आणि जुन्या कायद्याखाली सुरू झालेली डीपीएस फार तर 23 फेब्रुवारी 2029 पर्यंत चालतील. तुमच्या काउन्सिलची डीपीएस कधी संपते आणि पुढे काय येणार, हे अर्जाआधी पोर्टलवरूनच विचारा. डायनॅमिक मार्केटमध्येही प्रवेश वर्षभर खुला असतो आणि सभासदांच्या संख्येला मर्यादा नसते. शुल्क लावलंच तर ते काम मिळालेल्याकडून, त्या कामाच्या किमतीच्या ठरावीक टक्क्यांनी घ्यायचं असतं. म्हणून कोटात ते धरायला विसरू नका.

पहिल्या अर्जात लेव्हल अ‍ॅक्सेस शॉवर आणि रॅम्प एवढेच लॉट घ्या. स्टेअरलिफ्ट (जिन्यावरून नेणारी खुर्ची) आणि होइस्टचं (माणसाला उचलणाऱ्या यंत्राचं) काम ती बनवणाऱ्या कंपन्यांच्या माणसांना जमतं, आपल्याला त्यात फारसं उरत नाही. मागच्या अंगणात खोली वाढवायचा लॉट वर्षभराने मागा, चार-पाच बाथरूमचे फोटो आणि घरच्या लोकांची पत्रं हातात आल्यावर. ते दार तेव्हाही उघडंच असेल.