नदीकाठच्या जुन्या प्रेस फोटोंचा गठ्ठा घेतला, आधी उलटे करून बघा मग घ्या

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली येतंच.

घेतलं काय, तर १९५० च्या आगेमागे एका नदीकाठच्या छोट्या साप्ताहिकाने छापायला म्हणून काढलेले मूळ प्रिंट, चाळीस नग, एका ऑनलाइन सेलरकडून एकगठ्ठा. नदी कुठली ते सांगत बसत नाही कारण असे गठ्ठे बऱ्याच नद्यांचे मिळतात, छोटी वर्तमानपत्रं बंद पडली किंवा जागा बदलली की कपाटं रिकामी होतात आणि हे सगळं बाजारात येतं. मला हवं होतं रोजचं जगणं, म्हणजे होड्या, धुणं, जाळी, काठावर बसलेली माणसं. लिस्टिंगमध्येही तसंच लिहिलेलं, "नदीकाठचं दैनंदिन जीवन". उघडलं तर पहिले पंधरा फोटो कसले, तर कुणीतरी कुणाला तरी बक्षीस देतंय, कुणी फीत कापतंय, कुणी चेक धरून उभा. डोक्यात म्हटलं गंडवलं आपल्याला.

पण थांबा.

सोळावा फोटो तरीचा, म्हणजे माणसं-गाड्या नदीपार नेणाऱ्या होडीचा. मोठी सपाट तर, तिच्यावर एक ट्रक चढवलेला आणि ट्रकच्या पुढे टायमध्ये दोन साहेब, बहुतेक काहीतरी उद्घाटन. त्या दोघांभोवती कुणीतरी लाल ग्रीज पेन्सिलने चौकोन आखलाय, वर आकडा टाकलाय, एवढंच कापून एवढ्या रुंदीचं छापा असा तो हुकूम. आणि चौकोनाच्या बाहेर, जे त्या आठवड्याच्या अंकात छापलंच गेलं नसणार तिथे, तरीच्या कडेला दुधाचे कॅन, सायकल धरलेली एक बाई, दप्तर मांडीवर घेऊन बसलेली तीन पोरं ज्यांना त्या साहेबांशी काहीही देणंघेणं नाही, आणि एक म्हातारा दोरखंडावर हात ठेवून पाण्याकडे बघतोय. मला हवं होतं ते सगळं तिथे. मग मागचे पंधरा परत काढले आणि फक्त कडा बघत बसलो, दोन तास कुठे गेले कळलं नाही. बक्षीस समारंभाच्या मागे खिडकीतून सुकत घातलेली जाळी, फीत कापतायत त्या पुलाखाली अर्धी बुडालेली होडी, आणि त्या होडीत बसून जेवणारा माणूस.

म्हणून माझं पहिलं सांगणं, हे फोटो विषय बघून घेऊ नका. वर्तमानपत्राने रोजचं जगणं मुद्दाम फारसं टिपलेलं नसतं, ते टिपायचे घटना, रोजचं जगणं आपोआप आलं आणि नंतर पेन्सिलीने बाहेर काढलं गेलं. अंकाची कात्रणं गोळा केलीत तर तुम्हाला साहेब मिळतील, मूळ प्रिंट घेतलात तर पोरंसुद्धा मिळतील.

आता मागची बाजू. मला विचाराल तर निम्मी किंमत मागच्या बाजूची. तिथे टाइप केलेली फोटोओळ चिकटवलेली असते किंवा छापून आल्यावर अंकातलंच कात्रण डकवलेलं, शाईचा तारखेचा शिक्का, कुठल्या पानावर किती कॉलम, आणि कपाटातला खण म्हणजे कुठल्या विषयाखाली ठेवायचं ते. माझ्या गठ्ठ्यात नदीचे जवळजवळ सगळे फोटो "पूर" या खणातले. नदी शांत असताना ती बातमी नाही ना! एका प्रिंटवर तर तीन वेगवेगळ्या वर्षांचे शिक्के आहेत, म्हणजे पुढे परत पाणी चढलं तेव्हा संपादकाने जुनाच फोटो काढून चालवला असावा. यावरून एक लक्षात ठेवा, शिक्क्याची तारीख ही बहुतेकदा छापल्याची किंवा फाइलला लावल्याची असते, फोटो काढल्याची असेलच असं नाही. सेलर लोक शिक्का बघून बिनधास्त वर्ष ठोकून देतात.

फोटोंची तब्येत मस्त आहे, म्हणजे फोटो म्हणून. साधारण आठ बाय दहा इंच, चकचकीत कागद, आणि एवढी बारीक नजर की म्हाताऱ्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसतं. त्याचं कारण कॅमेरा. तेव्हा बऱ्याच ठिकाणचे प्रेस फोटोग्राफर स्पीड ग्राफिक नावाचं धूड घेऊन फिरायचे, चार बाय पाच इंचाची एकेक शीट फिल्म, एका होल्डरमध्ये दोनच शीट, दोन झाले की होल्डर बदला. फ्लॅशचा बल्ब एकदा उडाला की संपला, तो गरम झालेला काढून फेका आणि नवीन लावा. त्यामुळे एका प्रसंगाचे दोन नाहीतर चार फोटो, त्यापेक्षा जास्त कोण कशाला खर्च करेल, आणि म्हणूनच यातली माणसं एवढी ताठ उभी आहेत, फोटोग्राफरने त्यांना उभं केलंय. भर उन्हात सुद्धा फ्लॅश मारलेला दिसतो, टोपीखालचा चेहरा काळा पडू नये म्हणून. पुढे ३५ मिलिमीटरचे छोटे कॅमेरे आणि १९५४ पासून त्या मापात कोडॅकची ट्राय-एक्स ही कमी उजेडातही चालणारी फिल्म आली, तसं हळूहळू माणसं हलताना, हसताना दिसायला लागली. माझ्या गठ्ठ्यात असे पाचसहाच, आणि खरं सांगू, मला ते जुने ताठ वालेच जास्त आवडले. ताठ फक्त मधले असतात, कडेचे आपापल्या नादात.

अजून एक गोष्ट ज्याने मला हा काळ का निवडावा ते कळलं. आधी छोट्या पेपरला फोटो छापायचा म्हणजे जस्ताचा ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, करून घ्यायला लागायचा, तो बाहेरून, खर्चिक आणि वेळखाऊ, मग कुणाच्या घरच्या धुण्याचा फोटो कोण छापेल. १९४० च्या दशकाच्या शेवटी फेअरचाइल्ड कंपनीचं स्कॅन-ए-ग्रेव्हर नावाचं यंत्र आलं, फोटो एका फिरत्या सिलिंडरवर, प्लॅस्टिकचा पत्रा दुसरीकडे, आणि तापलेली सुई त्या पत्र्यावर जाळीचे ठिपके, म्हणजे ज्यांच्यातून छापील फोटो उमटतो ते, कोरत जाते. ऑफिसातल्या ऑफिसात ब्लॉक तयार. हे यंत्र भाड्याने मिळायचं. मग काय, गावात सगळ्यात मोठा मासा कुणाला मिळाला, कुणाच्या शेतात किती मोठा भोपळा झाला, सगळं छापायला लागले. या मासेवाल्या फोटोंना हसू नका, त्यांच्याच मागे नदी असते.

आता तक्रारी. सेलरने लिस्टिंगला फक्त पुढची बाजू टाकलेली. मी मेसेज करून मागची मागितली तर "सगळे ओरिजिनल आहेत" एवढंच उत्तर. चाळीसपैकी दोन या पेपरचे मूळ प्रिंट नाहीतच. एक भिंगाखाली धरलं तर ठिपक्यांची जाळी दिसते, म्हणजे छापील पानातून कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेलं, फोटोच नव्हे. दुसरा तारेने आलेला, त्यावर बारीक आडव्या रेघा आणि फोटोओळ फोटोच्याच कागदात खाली पांढऱ्या पट्टीत उमटलेली, ती मागे चिकटवलेली नाही. असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेने तारेने फोटो पाठवायची सेवा १ जानेवारी १९३५ ला सुरू केली, असे प्रिंट भरपूर सापडतात आणि त्यांचीही मजा आहे, पण तो आपल्या नदीचा नव्हताच. भिंग जवळ ठेवाच.

पॅकिंगला शून्य मार्क. चकचकीत प्रिंट एकावर एक, मध्ये कागद नाही, वर मऊ, वास मारणारं पीव्हीसीचं पाकीट. असे प्रिंट दमटपणात एकमेकांना नाहीतर काचेला चिकटतात आणि ओढून काढायला गेलात तर वरचा थरच निघून येतो, माझे दोन कोपऱ्यात गेलेच. पीव्हीसी काढून टाका, पॉलिप्रॉपिलिन किंवा पॉलिएस्टरची पाकिटं घ्या नाहीतर साधा आम्लमुक्त कागद. कडेला निळसर चांदीसारखी झाक दिसली तर घाबरू नका, चांदीच वर आलेली असते, पुसायला जाऊ नका. मागचं कात्रण पिवळं पडून पुढे डाग उतरवतं हे खरंय, पण म्हणून ते सोलून काढू नका प्लीज, मागची बाजू गेली की उरलं काय. आणि प्रिंट घेतला म्हणजे छापायचा हक्क मिळाला असं नाही, तो बहुतेकदा पेपरकडे किंवा त्याच्या वारसाकडे असतो, घरी भिंतीवर लावा खुशाल.

बरेच जण विचारतील, लायब्ररी आणि विद्यापीठं असल्या पेपरांच्या निगेटिव्ह स्कॅन करून फुकट टाकतात मग विकत कशाला. बरोबर आहे, नुसतं बघायचं असेल तर तेच करा. निगेटिव्ह स्कॅनमध्ये एकाच प्रसंगाचे सगळे फोटो ओळीने मिळतात, न छापलेलेही. त्या काळच्या बऱ्याच निगेटिव्ह अ‍ॅसिटेट नावाच्या प्लॅस्टिकच्या आहेत, त्यांना व्हिनेगरसारखा वास सुटतो आणि फिल्म आक्रसून सुरकुतते, तेव्हा स्कॅन होतायत ते चांगलंच आहे. पण त्यात लाल पेन्सिल नाही, शिक्के नाहीत, आणि मी पुढे सांगतो ते तर नाहीच.

शेवटून तिसरा फोटो मासेवाल्याचाच. हातभर मासा धरलेला माणूस, आणि त्याच्याभोवती सगळं पांढरं. पेपरची जाळी तेव्हा फार भरड, इंचाला ६५ ते ८५ ओळी, त्यात मागची गर्दी नुसती राखाडी चिखल दिसते, म्हणून आर्टिस्ट लोक प्रिंटवरच पांढरा रंग फासून मागचं सगळं झाकून टाकायचे. म्हणजे यांनी नदीच रंगवून काढली! मी वैतागून तो बाजूला टाकला होता. संध्याकाळी टेबललॅम्प कलता होता आणि सहज नजर गेली तर रंगाच्या खाली उंचवट्यासारखी होडीची कड, वल्हं, आणि होडीत उभं कुणीतरी, लहान असावं, हात वर केलेला. स्कॅनरमध्ये तीन वेळा घालून पाहिलं, दरवेळी तिथे नुसतं पांढरं येतं.