मुरघासाच्या भावात पाणी

मुरघास, म्हणजे हिरव्या मक्याची कुट्टी हवाबंद मुरवून केलेला चारा, विकणाऱ्याची गाडी दारात लागली तेव्हा त्यानं स्वतःहून वरची पिशवी फोडली. हिरवट-पिवळी कुट्टी, आंबूस-गोड वास, मुठीत घेतली की मक्याचे दाणे वेगळे दिसायचे. आप्पांनी दोन दाणे दाताखाली धरून मान हलवली. झालं, ५ टन उतरवून घेतला. ७ रुपये किलोनं ३५,००० रोख मोजले. पावती मी मागितली नाही, त्यानं दिली नाही.

आमचं गाव खटावच्या पूर्वेला. साखर कारखान्यांचे पट्टे पडले, गाळप थांबलं, की उसाचं वाडं (हिरवे शेंडे) बंद, आणि चैत्रात कडब्याचा भाव विचारायची सोय नाही. दावणीला चार एचएफ (होल्स्टीन जातीच्या) गाई. अशा वेळी डोकं चालत नाही.

वरच्या आठ-दहा पिशव्या खरंच चांगल्या निघाल्या. मग दाणाच गायब. कणसं आधी मोडून विकलेली आणि उरलेल्या हिरव्या ताटांची कुट्टी भरलेली. काही पिशव्यांच्या तळाशी तर काळी बुरशी, हाताला गाठी लागायच्या. गाई गव्हाणीत तोंड घालून मागं घ्यायच्या. पंधरा दिवसांत ५२ लिटरचं ४३ झालं, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) ८.५ वरून ८.१ वर आला, डेअरीनं दर कापला. मी आपला सरकी पेंडीत खोट शोधत बसलो. डॉक्टरांनी मात्र बुरशी बघितल्या बघितल्या गाभण गाईपुढची पाटी उचलायला लावली.

मूठ आवळली की बोटांतून पाणी गळायचं. शेवटी त्यातला १ किलो तोलून पत्र्यावर तीन दिवस कडक उन्हात वाळवला. उरला १९० ग्रॅम! दाण्यातला चीक घट्ट होताना कापलेल्या मक्याचा मुरघास वाळवला तर किलोला ३०० ग्रॅमच्या पुढं राहतो. म्हणजे सुक्या वैरणीचा किलो मला २३ ला पडायचा तो ३७ ला पडला. पेंडीच्या भावात मी ताटं चारत होतो.

फोन केला तर म्हणाला, "दादा, मका हिरवाच असतोय की." दुसऱ्यांदा उचललाच नाही.

आता गाडी आली की मी मधल्या आणि तळातल्या पिशव्या फोडायला लावतो, वजनकाटा दारातच ठेवतो. कुणी कुरकुर केली तर गाडी माघारी.

परवा त्याची जाहिरात आमच्या दूध उत्पादकांच्या ग्रुपवर पुन्हा आली. फोटोत तीच फोडलेली पिशवी आहे, मागं आमच्या गोठ्याचा पत्रा दिसतोय.