तिसरी गाडी आलीच नव्हती

गाडी उचलायच्या लिफ्टचे बोल्ट बसवायला मी जमिनीत भोक पाडत होतो. बोल्टला १२० मिलिमीटर खोली हवी होती, म्हणून बिटवर तेवढं माप घेऊन चिकटपट्टी गुंडाळली होती. ९५ च्या आसपास ड्रिलचा आवाज बदलला, हातावरचा जोर एकदम नाहीसा झाला आणि बिट सरळ आत गेला. बाहेर काढला तर टोकाला काँक्रीटची पांढरी भुकटी नव्हती. काळ्या प्लॅस्टिकची चिंधी आणि ओली माती होती.

तिथे १५० मिलिमीटर काँक्रीट असायला हवं होतं. नकाशात तसं लिहिलेलं होतं, करारात लिहिलेलं होतं आणि मी त्याचेच पैसे भरले होते. दोन खांबांची ही लिफ्ट दीड टनाची गाडी माणसाच्या डोक्यावर उचलून धरते आणि तिचे खांब फक्त त्या बोल्टांच्या जोरावर उभे असतात. त्या दिवशी बिट सहज न घुसता थोडा अडखळला असता, तर मी बोल्ट आवळून मोकळा झालो असतो आणि आठवड्याभरात माझा मुलगा त्या गाडीखाली उभा असता. हे सगळं सविस्तर लिहितोय ते याच कारणासाठी. पैशांचं दुःख आहेच, पण ते दुसऱ्या नंबरवर.

स्वतःचं वर्कशॉप हे माझं कित्येक वर्षांचं स्वप्न होतं. १२ मीटर लांब, ९ मीटर रुंद, एका बाजूला दोन गाड्या, दुसऱ्या बाजूला लेथ (धातू कातायचं यंत्र), वेल्डिंग आणि लाकूडकाम. मोकळ्या जागेवर पायापासून सुरुवात. ठेकेदार ओळखीतून आला. पहिल्याच भेटीत त्याला लिफ्टबद्दल सांगितलं, तेव्हा त्यानेच ‘मग सहा इंचांखाली जाऊच नका साहेब’ असं बजावलं. सहा इंच म्हणजे तेच १५० मिलिमीटर. माणूस जाणकार वाटला, आणि तो जाणकार होताही.

पायाचं काम त्याने चोख केलं. खड्डे खोदल्यावर मला बोलावून टेप लावून खोली दाखवली. सळई आली तेव्हा मी एका तुकड्याचं वजन केलं. व्यासाचा वर्ग भागिले १६२ केलं की मीटरमागे किलो मिळतात, म्हणजे १२ मिलिमीटरची सळई मीटरला साधारण ०.८९ किलो भरायला हवी. बरोबर भरली. माझ्यासमोर मजबुती तपासायला काँक्रीटचे चौकोनी ठोकळे भरले, २८ दिवसांनी त्यांच्या चाचणीचा कागद आणून दिला. आता मागे वळून पाहताना कळतं की या काळात तो मलाच बघत होता. मी काय मोजतो, कधी मोजतो, कुठे समाधान मानून घरी जातो, हे त्याला पुरतं समजलं होतं. जिथे मी तपासत होतो तिथे त्याने काहीच चोरलं नाही.

जोत्यात भराव टाकून, पाणी मारून, थराथराने दाबून झाला. काँक्रीटच्या आदल्या दुपारी मी जमिनीच्या ठरलेल्या उंचीवर दोरी ताणून सगळीकडे तिथून भरावापर्यंतची खोली मोजली. १५० भरली, कुठे १५५. समाधानाने घरी गेलो. संध्याकाळी त्याच्या माणसांनी पायाच्या खोदाईतून उरलेली माती त्या भरावावर पसरली, तीन-चार बोटं जाडीचा थर, न दाबता. मग वरून ओल अडवायचं काळं प्लॅस्टिक अंथरलं आणि त्यावर सळईची जाळी मांडली. सकाळी मला दिसलं ते काळंभोर, सपाट, व्यवस्थित प्लॅस्टिक. मी पुन्हा टेप लावली नाही. कालच तर मोजलं होतं!

जाळी तळापासून उचलून धरणारे छोटे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, कमी दिसले म्हणून मी विचारलं. ‘ओतताना हुकाने वर ओढून घेतात पोरं,’ असं उत्तर मिळालं. हे उत्तर तुम्हालाही मिळेल. ओल्या काँक्रीटमध्ये गुडघाभर बुटांनी उभा असलेला माणूस तीच जाळी पुन्हा पायाखाली दाबतो. ब्लॉक नसतील तर जाळी तळालाच राहते आणि तिचा उपयोग जवळजवळ शून्य होतो.

आता हिशोब बघा. १२ गुणिले ९ म्हणजे १०८ चौरस मीटर. १५० मिलिमीटर जाडीला १६.२ घनमीटर काँक्रीट लागतं. थोडी नासाडी धरून त्याने प्लांटमधून तयार काँक्रीट आणणाऱ्या ६ घनमीटरच्या तीन रेडिमिक्स गाड्या सांगितल्या, एकूण १८. इथपर्यंत सगळं रास्त. पहिली गाडी आली, रिकामी झाली. ती फाटकातून बाहेर पडताना मी हौसेने फोटो काढला. तेवढ्यात ठेकेदार म्हणाला, शटरवाला आजच माप आणि रंग पक्का करायला सांगतोय, तुम्ही जाऊन या, इथे मी आहेच. मी गेलो. परत आलो तेव्हा वरून घासायचं मशीन फिरत होतं, जमीन आरशासारखी दिसत होती आणि टेबलावर तीन चलनं, म्हणजे प्रत्येक गाडीसोबत येणाऱ्या मालाच्या पावत्या, दगडाखाली नीट ठेवलेली होती. त्याच रात्री मी जमिनीचा हप्ता दिला.

ड्रिल मातीत गेल्यावर मी वेगवेगळ्या ठिकाणी आणखी आठ भोकं पाडली. मागच्या भिंतीजवळ ८५, शटरपाशी १३०, सरासरी ११० च्या आसपास. १०८ चौरस मीटरला ११० मिलिमीटर म्हणजे जेमतेम १२ घनमीटर. दोन गाड्या.

चलनं काढून समोर ठेवली. पहिल्या आणि तिसऱ्या चलनावर गाडीचा नंबर एकच होता. तिसऱ्यावर प्लांटमधून निघाल्याची वेळ ११:३५. माझ्या फोटोत तीच गाडी ११:२० ला माझ्या फाटकातून बाहेर पडतेय, आणि प्लांट माझ्याकडून पाऊण तासाच्या अंतरावर. प्लांटच्या कार्यालयात गेलो, त्यांनी नोंदवही उघडून दाखवली. माझ्या नावावर त्या दिवशी दोनच गाड्या होत्या. तिसऱ्या चलनाचा क्रमांक भलत्याच कामावरच्या गाडीचा निघाला. कोणीतरी त्याची प्रत काढून नाव आणि नंबर बदलला होता.

ठेकेदाराला फोन केला तेव्हा तो चिडला नाही. अगदी समजावणीच्या सुरात म्हणाला, ‘साहेब, घरगुती कामाला चार इंच पुष्कळ होतं.’ या वाक्यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते घातक आहे. खालचा भराव नीट दाबलेला असेल आणि वर फक्त गाडी उभी करायची असेल, तर चार इंच टिकतंही. इथे खाली सुट्या मातीचा थर होता आणि वर लिफ्ट आणि लेथ येणार होते. पावसाळ्यानंतर ती माती बसली आणि मागच्या भिंतीपासून लेथच्या पायापर्यंत तडा गेला. लेथ मी दोनदा लेव्हलला बसवला. महिन्याभरात बुडबुडा पुन्हा बाजूला सरकतो.

तोपर्यंत त्याच्या हातात जवळजवळ ८० टक्के रक्कम गेली होती आणि काम जेमतेम निम्मं झालं होतं. हप्ते असे बांधले होते की सुरुवातीचे मोठे आणि शेवटचे छोटे. शिवाय ‘पत्र्याचे भाव वाढतायत, आत्ताच उचलू’ म्हणून छपराचा आगाऊ पैसाही मी देऊन बसलो होतो. पत्रा ०.५० मिलिमीटरचा ठरला होता. आला त्यावर मायक्रोमीटर लावला तर रंगासकट ०.४२. ‘आकडा नावाचा असतो, रंगासकट की रंगाशिवाय हे करारात कुठे आहे?’ असं तो म्हणाला, आणि करारात ते खरंच नव्हतं. पत्रा घेत असाल तर रंगाशिवाय जाडी किती ते लिहून घ्या, आणि चौरस मीटरमागे वजनही. रंग सोडून ०.५० चं सपाट पोलाद चौरस मीटरला सुमारे ३.९ किलो भरतं. काट्याशी वाद घालता येत नाही.

नोटीस पाठवली, तक्रार दिली. प्लांटच्या नोंदीची प्रत आणि तो फोटो जोडलाय. त्यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं. प्रकरण चालू आहे, हातात अजून काही आलेलं नाही.

लिफ्टसाठी मी दुसऱ्या मिस्त्रीकडून दोन्ही खांबांखाली सव्वा मीटरचे चौरस कापून काढले, सुटी माती खरवडून काढली, खाली दाबून घेतलं, जुन्या काँक्रीटच्या कडेत सळया बसवून ३०० मिलिमीटर जाडीचे ठोकळे ओतले. या वेळी प्लॅस्टिक अंथरल्यावर, जाळी मांडल्यावर, पहिलं घमेलं पडण्याच्या आधी मोजलं. मिस्त्रीकाकांनी स्वतःच टेपचं दुसरं टोक धरलं. पुढे मोठं काम निघालं तर चलन मी गाडीच्या चालकाच्या हातून घेणार आहे, ठेकेदाराच्या हातून नाही. ओतण्याच्या दिवशी कोणी कितीही तातडीचं काम सांगितलं तरी फाटक सोडणार नाही, आणि पैसे झालेल्या कामाच्या मागे ठेवणार आहे, पुढे नाही.

गेल्या महिन्यात एका अनोळखी गृहस्थांचा फोन आला. त्याच ठेकेदाराने त्यांच्या गॅरेजचं काम घेतलंय, माझा नंबर त्यांना त्याच्याच एका जुन्या कामगाराने दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं जमिनीचं काँक्रीट होतं. मी त्यांना एवढंच सांगितलं की आज रात्री बॅटरी घेऊन जा, दोरी ताणा आणि प्लॅस्टिकखालची माती बोटाने दाबून बघा. साडेदहाला त्यांनी फोटो पाठवला. प्लॅस्टिकचा कोपरा उलटलेला, अंगठा पहिल्या पेरापर्यंत मातीत रुतलेला आणि दोरीपासून खाली सोडलेल्या टेपवर १०५. सकाळच्या गाड्या त्यांनी रात्रीच प्लांटला फोन करून थांबवल्या.