चिनी चांद्र पंचांगासाठी संगणकावरील साधने : कोणते कशासाठी निवडावे

चिनी चांद्र पंचांगाचे गणित संगणकावर हवे असणाऱ्यांच्या गरजा एकसारख्या नसतात. चीनमधून माल मागवणाऱ्या व्यापाऱ्याला वसंतोत्सव, म्हणजे चिनी नववर्ष, कोणत्या दिवशी येतो एवढेच पाहायचे असते, तर छिंग राजवटीतील एखादा दस्तऐवज किंवा वंशावळ वाचणाऱ्या अभ्यासकाला तीनशे वर्षांपूर्वीची चांद्र तारीख इसवी सनात अचूक बसवायची असते. दोघांनाही ‘कन्व्हर्टर’ म्हणून तेच साधन सुचवले जाते, ही चूक आहे.

मराठी पंचांग वापरणाऱ्या वाचकाला या गणिताची अर्धी ओळख आधीपासूनच असते. चिनी महिनाही अमावास्येवर बेतलेला आहे. मात्र ज्या दिवशी सूर्य-चंद्राची युती होते, तोच दिवस महिन्याचा पहिला दिवस धरतात आणि दिवस सूर्योदयाला नव्हे, मध्यरात्री बदलतो. तिथीचा क्षय किंवा वृद्धी हा प्रकारच तिथे नाही. महिना २९ किंवा ३० पूर्ण दिवसांचा असतो. अधिक मासाचे तत्त्वही ओळखीचे आहे, कारण ज्या महिन्यात सूर्याचे संक्रमण होत नाही तो अधिक होऊ शकतो. फरक असा की आपली संक्रांत निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून मोजलेली आहे आणि ‘चोंगछी’, म्हणजे सूर्याचे चिनी संक्रमण, सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेले. त्यामुळेच २०२३ मध्ये आपल्याकडे श्रावण अधिक होता, तर चीनमध्ये दुसरा महिना, आणि तोही २२ मार्चपासून.

याखेरीज दोन नियम निर्णायक आहेत. दक्षिणायनाचा अंतिम बिंदू, म्हणजे डिसेंबरमधील अयनदिन, नेहमी अकराव्या महिन्यात आला पाहिजे. आणि दोन लागोपाठच्या अकराव्या महिन्यांच्या दरम्यान तेरावा महिना शिरत असेल तरच, त्या अवधीतील चोंगछी नसलेला पहिला महिना अधिक ठरतो. हे गणित १२० अंश पूर्व रेखांशाच्या वेळेने करायचे, असे चीनच्या २०१७ च्या राष्ट्रीय मानकात, म्हणजे जीबी/टी ३३६६१ मध्ये, नमूद आहे. १९२९ पूर्वी मात्र बीजिंगची स्थानिक वेळ वापरात होती आणि ती आजच्या प्रमाणवेळेपेक्षा १४ मिनिटे २० सेकंदांनी मागे होती. एवढ्याशा फरकानेही मध्यरात्रीनंतर लगेच येणारी अमावास्या आदल्या दिवसावर जाते आणि अख्खा महिना एका दिवसाने सरकतो.

आता साधनांकडे वळू. विंडोजमध्ये वेगळे काहीही बसवावे लागत नाही: टास्कबारवरील कॅलेंडरमध्ये चिनी चांद्र तारखा दाखवण्याची सोय सेटिंग्जमध्ये आहे. मॅकच्या कॅलेंडरमध्येही पर्यायी पंचांग म्हणून चिनी पंचांग निवडता येते. रोजच्या वापरासाठी आणि सण पाहण्यासाठी याहून अधिक कशाचीही गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

अडचण सुरू होते ती तारखांची यादी रूपांतरित करायची असते तेव्हा. मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट या प्रोग्रॅमिंगच्या व्यासपीठात चिनी चांद्र-सौर पंचांगाचा तयार वर्ग (क्लास), म्हणजे कोडचा तयार भाग आहे. तो १९ फेब्रुवारी १९०१ ते २८ जानेवारी २१०१ एवढ्याच काळासाठी चालतो, कारण तो आकाशातील स्थिती मोजत नाही, आत साठवलेल्या कोष्टकातून उत्तर देतो. कोष्टक असणे हा दोष नव्हे. मर्यादित काळासाठी तपासून घेतलेले कोष्टक घाईने केलेल्या गणितापेक्षा अधिक भरवशाचे असते. खरा धोका महिन्याच्या क्रमांकात आहे. अधिक मासाला हा वर्ग स्वतंत्र क्रमांक देतो आणि वर्षाचे महिने १ ते १३ असे सलग मोजतो. २०२५ मध्ये सहावा महिना अधिक होता. त्यामुळे त्या वर्षी ‘७’ या क्रमांकाचा अर्थ अधिक सहावा आणि ‘८’ चा अर्थ सातवा. अधिक मास कोणता हे वेगळे विचारून क्रमांक दुरुस्त केला नाही, तर वर्षाच्या उत्तरार्धातील प्रत्येक तारीख एका महिन्याने चुकते आणि ती चूक सहज लक्षातही येत नाही. एक्सेलमध्ये तारखेच्या फॉरमॅटमधून चांद्र तारीख काढण्याची जी युक्ती सर्रास वापरली जाते, तिच्यातही हाच दोष आहे. वाढदिवस किंवा पुण्यतिथी यांची यादी करणाऱ्याने ती वापरू नये.

लिनक्सवर केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप वापरणाऱ्यांना २०२२ च्या ५.२६ आवृत्तीपासून घड्याळाच्या कॅलेंडरमध्ये चिनी तारखा दिसू शकतात. त्यामागे आयसीयू ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच आहे. ती सूर्य-चंद्राच्या स्थिती स्वतः मोजते, परंतु सगळ्या काळासाठी ग्रीनिच वेळेपासून एकच आठ तासांचा फरक धरते. १९२९ पूर्वीची स्थानिक वेळ आपण विचारात घेत नाही, असे तिच्या कर्त्यांनी मूळ कोडमध्येच लिहून ठेवले आहे. म्हणून आजच्या तारखांसाठी ती चालेल, पणजोबांच्या जन्मतारखेसाठी नाही.

ईमॅक्स या मजकूर-संपादकातील कॅलेंडर इथे एक पाऊल पुढे आहे. त्यात कोणत्याही दिवसावर ‘पी’ आणि मग मोठा ‘सी’ दाबला की चिनी तारीख साठ वर्षांच्या चक्रातील नावासह मिळते. १७ फेब्रुवारी २०२६ ला सुरू झालेले वर्ष ‘पिंग-वू’ म्हणून दिसते. १९२८ पूर्वीच्या वर्षांसाठी ते ७ तास ४५ मिनिटे ४० सेकंदांचा फरक आपोआप धरते आणि हा फरक वापरणाऱ्याला बदलताही येतो. ही सोय किरकोळ वाटेल, पण व्हिएतनामचे पंचांग याच नियमांवर सात तासांच्या फरकाने चालते. २००७ मध्ये तेथील नववर्ष, म्हणजे तेत, १७ फेब्रुवारीला आणि चिनी नववर्ष १८ फेब्रुवारीला आले ते यामुळेच. गणित समजून घेऊन पडताळू इच्छिणाऱ्याला मी ईमॅक्सच सुचवेन. मात्र आजचेच नियम ते कितीही मागे लावते, आणि तिथे त्याची उपयुक्तता संपते.

कारण सूर्याच्या प्रत्यक्ष गतीवरून चोंगछी ठरवण्याची पद्धत १६४५ मध्ये, छिंग काळाच्या आरंभी आली. त्यापूर्वी वर्षाचे समान भाग पाडून संक्रमणे ठरवत असत. शिवाय सम्राज्ञी वू त्सथ्येन हिच्या काळात, ६८९ ते ७०० या वर्षांत, वर्षारंभच दोन महिने अलीकडे आणला गेला होता. आकाश कितीही अचूक मोजले तरी अशा राजाज्ञा त्यातून निघत नाहीत.

इथे ‘शौशिंग वान्न्येनली’ या साधनाला तोड नाही. फुच्येन प्रांतातील फूथ्येन येथील शाळाशिक्षक श्यू च्येनवेइ यांनी ते तयार केले. ते ब्राउझरमध्ये उघडते, पण फाइल संगणकावर उतरवून घेतल्यास इंटरनेट लागत नाही. ग्रहगणितासाठी त्यात व्हीएसओपी८७ आणि चंद्रासाठी ईएलपी/एमपीपी०२ हे सिद्धान्त वापरले आहेत. तरी त्याचे खरे मोल त्या अचूकतेत नाही. जुन्या राजवटींनी प्रत्यक्ष जारी केलेल्या पंचांगांशी जुळावे म्हणून त्यात जुन्या काळासाठी वेगळी सूत्रे आणि दुरुस्त्यांची कोष्टके घातलेली आहेत, आणि वू त्सथ्येन हिच्या काळातील बदललेला वर्षारंभही त्यात हाताळला आहे. लोक ज्या तारखेने जगले ती तारीख ते देते. पडदा मात्र पूर्णपणे चिनी लिपीत आहे; आकडे आणि महिन्यांची चिन्हे ओळखता येत नसतील तर सोबत जाणकार हवा.

निवडलेले साधन कोणतेही असो, काही तारखा त्यात घालून पाहाव्यात. २०३३ मध्ये मध्य-शरद उत्सव, म्हणजे आठव्या महिन्याचा पंधरावा दिवस, ८ सप्टेंबरला यायला हवा. २५ ऑगस्टला सुरू होणाऱ्या महिन्यात चोंगछी नाही, म्हणून त्याला अधिक ठरवणारे साधन हा सण ७ ऑक्टोबरला दाखवेल. ते चूक आहे, कारण अधिक महिना अकराव्यानंतर, २२ डिसेंबरला सुरू होतो. १९७८ चा मध्य-शरद उत्सव चीनमध्ये १७ सप्टेंबरला होता, पण जुन्या बीजिंग वेळेवरची पंचांगे मानणाऱ्या हाँगकाँगमध्ये तो १६ ला साजरा झाला. इथे दोन्ही उत्तरे आपापल्या जागी खरी आहेत. २०५७ च्या सप्टेंबरअखेरची अमावास्या बीजिंगच्या मध्यरात्रीला इतकी चिकटून आहे की पृथ्वीच्या परिवलनातील अनिश्चिततेमुळे ती २८ ची की २९ ची यावर साधनांत मतभेद दिसू शकतो. अशा वेळी हाँगकाँग वेधशाळेची १९०१ ते २१०० या काळाची तुलना-कोष्टके समोर ठेवावीत आणि मतभेदाची तारीख पक्की धरून कोणताही करार करू नये.